‘साठ’ की ‘आठ’? बोललेली आज्ञा यंत्राला कशी कळते

असे समजा की चंद्रपूर जिल्ह्यातील एक शेतकरी बांधावर उभा आहे. त्याच्या एका हातात विळा आहे, दुसऱ्या हातात मोबाइल. तो मोबाइलला म्हणतो, “मूलच्या बाजारातला धानाचा भाव सांग.” अक्षरे टंकण्याची गरज नाही, पडद्यावर बोट फिरवण्याची गरज नाही. क्षणभरात यंत्र भाव सांगते. किंवा ‘मूल’ या गावाऐवजी त्याला ‘फूल’ ऐकू येते आणि ते झेंडूचा भाव सांगू लागते!

दुसरा प्रकार घडला की आपण हसतो आणि पुन्हा बोलतो. पण पहिला प्रकार मुळात घडतोच कसा? यंत्राला ना कान, ना मेंदू. त्याला फक्त आकडे कळतात. मग तोंडातून निघालेल्या शब्दापासून यंत्राने केलेल्या कृतीपर्यंतचा प्रवास कसा होतो, हे आपण टप्प्याटप्प्याने पाहू. या प्रवासात तुम्ही नववी-दहावीत शिकलेले ध्वनीचे नियमच ठिकठिकाणी भेटतील.

आवाजाचे आकडे

आपण बोलतो तेव्हा हवेत दाबाच्या लहरी निर्माण होतात. मोबाइलच्या मायक्रोफोनमधील पातळ पडदा त्या लहरींबरोबर थरथरतो आणि त्या थरथरीनुसार विजेचा दाब कमीजास्त होतो. संगणक हा दाब ठरावीक अंतराने मोजतो. साध्या दूरध्वनीसाठी एका सेकंदात ८,००० वेळा, तर वाणी ओळखण्यासाठी बहुधा १६,००० वेळा. ‘धान’ हा शब्द उच्चारायला अर्धा सेकंद लागला असे धरले, तर यंत्राच्या हाती ८,००० आकड्यांची एक लांबलचक माळ येते.

तुम्ही म्हणाल, मग सोपेच झाले! ‘धान’ची माळ साठवून ठेवायची आणि नवी माळ तिच्याशी ताडून पाहायची. पण तसे करता येत नाही. तोच माणूस तोच शब्द दोनदा बोलला तरी दोन्ही माळा कधीही सारख्या नसतात. कधी तो शब्द लांबवतो, कधी घाईने बोलतो, कधी सर्दी झालेली असते. म्हणून आकड्यांच्या माळेत दडलेली, सहसा न बदलणारी खूण शोधावी लागते. ती खूण आपल्या गळ्याच्या रचनेत आहे.

सतरा सेंटिमीटरची नळी

स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतचा मार्ग म्हणजे एक नळी. प्रौढ पुरुषात तिची लांबी सुमारे १७ सेंटिमीटर असते. ही नळी स्वरतंतूंच्या बाजूला जवळजवळ बंद आणि ओठांच्या बाजूला उघडी असते. एका टोकाला बंद असलेल्या नळीतील हवेचा अनुनाद तुम्ही प्रयोगशाळेत पाहिला असेल. अशा नळीत सर्वांत कमी वारंवारतेच्या अनुनादाची तरंगलांबी नळीच्या लांबीच्या चौपट असते.

४ × १७ = ६८ सेंटिमीटर, म्हणजे ०.६८ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर वारंवारता ३४० ÷ ०.६८ = ५०० हर्ट्झ येते. पुढील अनुनाद तिच्या विषम पटींत, म्हणजे १,५०० आणि २,५०० हर्ट्झला येतात. तोंड सैल ठेवून साधा ‘अ’ म्हटला की याच वारंवारतांच्या आसपासचे ध्वनी जोरदार होतात.

आता ‘ई’ म्हणा. जीभ पुढे आणि वर गेली. नळीचा आकार बदलला. पहिला अनुनाद ३०० हर्ट्झच्या आसपास उतरतो आणि दुसरा २,००० च्या वर चढतो. ‘आ’ म्हणताना पहिला ७०० च्या आसपास जातो आणि दुसरा १,१०० ते १,२०० पर्यंत खाली येतो. म्हणजे दोन-तीन अनुनाद कोठे आहेत हे कळले, की कोणता स्वर उच्चारला हे बरेचसे कळते.

मात्र एक अडचण राहते. लहान मुलाची नळी १२ सेंटिमीटरची असेल, तर तिचा पहिला अनुनाद ३४० ÷ ०.४८, म्हणजे सुमारे ७०८ हर्ट्झला येईल. बाबांचा ‘अ’ ५०० ला आणि बाळूचा ‘अ’ ७०८ ला! म्हणून यंत्राला एकेक आकडा पाहून भागत नाही. अनुनादांचे परस्परांशी असलेले नातेही पाहावे लागते.

हे काम यंत्र असे करते. लोलकातून पांढरा प्रकाश गेला की त्याचे रंग वेगळे होतात. त्याचप्रमाणे गणिताच्या साहाय्याने ध्वनीतील निरनिराळ्या वारंवारता वेगळ्या करता येतात. यंत्र सुमारे २५ मिलिसेकंदांचा एक तुकडा घेते, त्याचा वर्णपट काढते, १० मिलिसेकंद पुढे सरकते आणि पुढचा तुकडा घेते. असे एका सेकंदात १०० वर्णपट तयार होतात. ते एकापुढे एक मांडले की शब्दाचे चित्रच उभे राहते. यंत्र ‘ऐकते’ असे आपण म्हणतो, पण खरे तर ते हे चित्र वाचत असते.

दूरध्वनीत हरवलेला ‘स’

आता ‘साठ’ आणि ‘आठ’ हे शब्द पाहा. दोहोंत फरक आहे तो फक्त सुरुवातीच्या ‘स’चा. ‘स’ म्हणताना स्वरतंतू कंप पावत नाहीत. दातांमागच्या बारीक फटीतून हवा सुसाटत जाते. या सुसाटण्यातील बहुतेक ऊर्जा ४,००० हर्ट्झच्या वर असते. जुन्या पद्धतीचा दूरध्वनी मात्र ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पलीकडे पोहोचवतो. म्हणजे ‘स’चा मोठा भाग वाटेतच गळून पडतो आणि ‘साठ’चा ‘आठ’ होण्याची भीती निर्माण होते. दुकानदार दूरध्वनीवर “साठ का? सहावर शून्य?” असे विचारून घेतो, त्यामागे हेच भौतिकशास्त्र आहे. नव्या पद्धतीच्या कॉलमध्ये हा पट्टा ७,००० हर्ट्झपर्यंत वाढवलेला असतो, त्यामुळे आवाज अधिक स्वच्छ वाटतो.

अंतराचाही मोठा परिणाम होतो. मोकळ्या जागेत ध्वनीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. तोंडापासून १० सेंटिमीटरवर धरलेला मोबाइल १ मीटरवर नेला तर अंतर दहापट वाढले, म्हणून तीव्रता शंभरावा हिस्सा उरली. पंख्याचा किंवा पावसाचा आवाज मात्र तेवढाच राहिला. तुमचे मित्र तुम्हांला अशा गोंगाटातही समजून घेतात, कारण ते अर्थावरून अंदाज बांधतात. यंत्रालाही अंदाज बांधायला शिकवावे लागले.

दहा अंकांपासून हजार शब्दांपर्यंत

१९५२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ‘ऑड्री’ नावाचे यंत्र बनवले गेले. ते शून्य ते नऊ हे अंक ओळखत असे. पण बोलणाऱ्याच्या आवाजाशी ते आधी जुळवून घ्यावे लागे आणि प्रत्येक अंकानंतर थांबावे लागे. १९६२ साली आयबीएम कंपनीने सिअ‍ॅटल येथील जागतिक प्रदर्शनात ‘शूबॉक्स’ हे यंत्र दाखवले. त्याला १६ शब्द कळत. त्यांत दहा अंक होते आणि बेरीज-वजाबाकीसारख्या काही आज्ञा होत्या. बोलून यंत्राकडून काम करून घेण्याची ही सुरुवात म्हणता येईल. १९७६ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातील ‘हार्पी’ या प्रणालीने एक हजाराहून थोड्या अधिक शब्दांपर्यंत मजल मारली. त्या विद्यापीठातील या संशोधनाचे अग्रणी होते आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्ह्यात जन्मलेले प्राध्यापक राज रेड्डी. त्यांना १९९४ साली संगणकशास्त्रातील मानाचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

त्याच दशकात एक महत्त्वाचा विचार पुढे आला. यंत्राने ‘हा शब्द कोणता?’ असे न विचारता ‘हा शब्द कोणता असण्याचा संभव सर्वांत जास्त?’ असे विचारावे. हा प्रश्न नीट समजून घेऊ.

शेतकरी म्हणाला, “मूलच्या बाजारातला धानाचा भाव सांग.” नुसत्या ध्वनीवरून यंत्राला तीन शक्यता दिसल्या. फूल ०.४५, मूल ०.४० आणि चूल ०.१५. (हे आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत.) नुसता ध्वनी पाहिला तर ‘फूल’ जिंकते. पण बाजार आणि धान या शब्दांच्या संगतीत कोणता शब्द किती वेळा येतो, हेही यंत्राला ठाऊक आहे. मूल ०.२०, फूल ०.०१, चूल ०.००१ असे धरू. आता दोन्हींचा गुणाकार करा. मूल ०.०८, फूल ०.००४५, चूल ०.०००१५. ‘मूल’ सहज पुढे गेले! आपण माणसेही संदर्भावरून असेच ऐकतो.

परंतु याच युक्तीत एक धोका आहे. जो शब्द यंत्राने पूर्वी कधी पाहिलेलाच नाही, त्याचा दुसरा आकडा जवळजवळ शून्य. मग उच्चार कितीही स्वच्छ असला तरी गुणाकार शून्याजवळच राहणार. ‘हेमलकसा’, ‘पर्लकोटा’, ‘पेरमिली’ ही नावे गडचिरोलीच्या मुलांना घरची वाटतात. पण ज्या यंत्राने ती पाहिली नाहीत, ते त्यांची मोडतोड करून दुसरेच ओळखीचे शब्द बनवते.

शेतमालाचे भाव आणि दीड हजार आवाज

मराठीत या प्रश्नाला प्रत्यक्ष हात घातला गेला तो २०११ च्या सुमारास. शेतकऱ्याने दूरध्वनी करावा, तोंडी जिल्हा, बाजार व पिकाचे नाव सांगावे आणि यंत्राने भाव ऐकवावा, अशी योजना अनेक भारतीय भाषांसाठी आखण्यात आली. मराठीचे काम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि आयआयटीत झाले. त्यासाठी महाराष्ट्राच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतील सुमारे १,५०० शेतकऱ्यांचे आवाज दूरध्वनीवरून ध्वनिमुद्रित करण्यात आले. शांत खोलीत बसून शुद्ध मराठी बोलणारे पाचपन्नास लोक गोळा करणे सोपे होते. पण शेतावरचा वारा, वाहनांचा आवाज आणि प्रत्येक भागाची बोली यांसकटच यंत्राला शिकवायला हवे होते.

अशा सेवेत शब्द मोजके असतात, ही सोय. पण तेवढ्यातही फसगत होऊ शकते. आपल्याच भागातील नावे मोठ्याने म्हणून पाहा: राजुरा आणि वरोरा, एटापल्ली आणि आलापल्ली, कोरची आणि कोरपना. शेवटचे किंवा सुरुवातीचे ध्वनी सारखेच! म्हणून चांगली सेवा उत्तर देण्यापूर्वी विचारते, “आपण वरोरा म्हणालात का?” हा प्रश्न यंत्राचा मंदपणा नसून त्याचा शहाणपणा आहे.

याचे कारण आणखी एका उदाहरणाने कळेल. “उद्या सकाळी सहा वाजता गजर लाव” या आज्ञेत सहा शब्द आहेत. यंत्राने ‘सहा’ऐवजी ‘दहा’ ऐकले तर सहापैकी एकच शब्द चुकला; चुकीचे प्रमाण सुमारे १७ टक्के. पण तुमची सकाळची एसटी चुकली ती पूर्णच! म्हणून आज्ञा पाळणाऱ्या यंत्राची परीक्षा किती शब्द बरोबर आले यावर न करता, काम बरोबर झाले की नाही यावर करावी. गजर लावणे, दिवा लावणे या गोष्टी चुकल्या तर सुधारता येतात. पैसे पाठवणे किंवा नोंद पुसून टाकणे यांसारख्या आज्ञा मात्र ‘हो’ म्हणवून घेतल्याशिवाय पाळू नयेत, हा नियम प्रणाली बनवणाऱ्यांनी कधीही सोडू नये.

आपल्या बोलीचे काय?

आजची यंत्रे मेंदूतील पेशींच्या जाळ्यावरून सुचलेल्या गणिती जाळ्यांवर चालतात. त्यांना व्याकरण शिकवावे लागत नाही. ध्वनी आणि त्याचा लिहिलेला मजकूर अशा असंख्य जोड्या त्यांना दाखवतात. उत्तर चुकले की जाळ्यातील आकडे किंचित बदलतात. असे कोट्यवधी वेळा केल्यावर ते जाळे तरबेज होते. २०१७ साली गूगलच्या बोलून टंकण्याच्या सोयीत मराठीही आली, ती या पद्धतीमुळेच. पण या पद्धतीचे सारे बळ जोड्यांच्या संख्येत आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘व्हिस्पर’ या प्रणालीला एकूण ६,८०,००० तासांचे ध्वनी ऐकवले होते. त्यांत इंग्रजी ध्वनी व इंग्रजी मजकूर अशा जोड्या सुमारे ४,३८,००० तासांच्या होत्या. मराठी ध्वनी व मराठी मजकूर अशा जोड्या एका तासाहूनही कमी!

ही झाली मराठीची गोष्ट. आता चंद्रपूर-गडचिरोलीकडे या. इथल्या घराघरांत झाडीबोली बोलतात. तिच्यात ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो आणि ‘ण’च्या जागी ‘न’. ‘डोळा’चा होतो ‘डोरा’, ‘पाणी’चे ‘पानी’. हा उच्चार चुकीचा नाही. बोलीचा तो नियमच आहे. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर याच बोलीतले संवाद हजारो प्रेक्षक रात्रभर ऐकतात आणि त्यांना एक शब्दही अडत नाही. पण पुण्या-मुंबईच्या आवाजांवर वाढलेले यंत्र ‘डोरा’पाशी अडखळते.

भामरागड, एटापल्लीकडे गेलात तर माडिया आणि गोंडी कानी पडते. या भाषा मराठीच्या बोली नाहीत. त्या तमिळ-तेलुगूच्या द्राविडी कुळातल्या आहेत. त्यामुळे मराठीचे यंत्र थोडे दुरुस्त करून त्यांना वापरता येणार नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी भाषकांची संख्या सुमारे ३० लाख होती. तरीही लिहिलेला मजकूर थोडा आणि प्रत्येक राज्यात उच्चार निराळे. ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न चालू आहेत. शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० साली छत्तीसगडमध्ये ‘सीजीनेट स्वर’ ही सेवा सुरू केली. साध्या फोनवरून आपल्या भाषेत निरोप बोलावा आणि इतरांनी तो ऐकावा, अशी ती योजना होती. इथे यंत्राला भाषा कळत नव्हती, पण लिहिता-वाचता न येणाऱ्याचा आवाज दूरवर पोहोचत होता. अनेक राज्यांतील गोंडी भाषकांनी एकत्र बसून केलेला प्रमाण कोश २०१८ साली सिद्ध झाला.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने गूगलच्या साहाय्याने ‘वाणी’ हा प्रकल्प हाती घेतला आहे. तो भाषावार न जाता जिल्हावार जातो, हे त्याचे वैशिष्ट्य. माणसाला एक चित्र दाखवायचे आणि त्याविषयी त्याच्या नेहमीच्या बोलीत बोलू द्यायचे. वाचायला मजकूर दिला की माणूस पुस्तकी बोलतो. चित्र दाखवले की तो घरच्यासारखा बोलतो. ज्या जिल्ह्यांत असे आवाज गोळा झाले, त्यांत चंद्रपूरही आहे.

हे सारे कशासाठी, असे कोणी विचारील. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद झाल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. अशा वेळी गावातील आजीला औषधाची माहिती हवी असेल आणि तिला फक्त माडिया येत असेल, तर तिला समजणारे यंत्र ही चैन म्हणता येणार नाही. शिवाय बहुतेक सेवा बोललेला आवाज दूरच्या मोठ्या संगणकाकडे पाठवतात आणि तेथून उत्तर आणतात. मनोरा बंद पडला की सेवाही बंद. त्यामुळे मोजक्या आज्ञा मोबाइलच्या आतच ओळखणारी छोटी प्रणाली जंगल भागात अधिक उपयोगाची ठरेल. आवाज दूर कोठे जातो आणि साठवला जातो का, हे विचारण्याचा हक्कही प्रत्येकाला आहे. आवाज ही माणसाची ओळख आहे. ती त्याच्या संमतीनेच घ्यावी.

करून पाहा

पहिला प्रयोग: शाळेच्या संगणकावर ‘ऑडॅसिटी’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर घ्या. ‘साठ’ आणि ‘आठ’ हे शब्द ध्वनिमुद्रित करून त्यांचे वर्णपट-चित्र पाहा. ‘स’चा पांढुरका पट्टा चित्राच्या वरच्या भागात दिसेल. मग तेच ध्वनिमुद्रण सेकंदाला ८,००० नमुने या गतीने पुन्हा साठवा. ४,००० हर्ट्झवरचे सारे निघून जाईल. डोळे मिटून बसलेल्या मित्राला दोन्ही शब्द उलटसुलट क्रमाने ऐकवा आणि तो किती वेळा चुकतो ते मोजा.

दुसरा प्रयोग: मोबाइलवर मराठी बोलून टंकण्याची सोय सुरू करा. राजुरा, वरोरा, एटापल्ली, आलापल्ली, कोरची, कोरपना ही सहा नावे पाच जणांनी प्रत्येकी तीन वेळा म्हणावीत. एकूण ९० उच्चार होतील. बोललेले नाव उभ्या रकान्यात आणि यंत्राने लिहिलेले नाव आडव्या ओळीत असा तक्ता करा. कोणत्या नावाचे कोणते नाव होते, हे तक्ता पाहताच कळेल. मग पंखा लावून आणि मोबाइल १ मीटर दूर ठेवून तेच करा. पाच जणांत एखादी आजी आणि एखादे लहान मूल जरूर असावे. शक्य असेल तर घरी झाडीबोली, माडिया किंवा गोंडी बोलणारा सोबतीही घ्या.

शिक्षकांना एक विनंती. तक्त्यात ज्याच्या नावापुढे सर्वांत जास्त चुका दिसतील, त्या विद्यार्थ्याला ‘नीट बोल’ असे सांगू नका. त्या चुका त्याच्या नाहीत. त्याच्यासारखे आवाज यंत्राला कोणी ऐकवलेच नाहीत, एवढाच त्यांचा अर्थ आहे. तो तक्ता वर्गाच्या भिंतीवर लावा आणि कोणते आवाज यंत्राला अजून ऐकवायचे राहिले आहेत, त्याची यादी विद्यार्थ्यांकडूनच करून घ्या.